गर्भकालीन मधुमेहाचा दीर्घकालीन भार (ठाणे व नवी मुंबई)

गरोदरपणात प्रथमच आढळलेल्या मधुमेहामुळे बाळंतपणानंतर आई, मूल व कुटुंबावर पडणारा आजाराचा आणि खर्चाचा भार. वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात; स्वादुपिंडाला ती तूट भरून काढता आली नाही, की रक्तातली साखर वाढते. वार पडल्यावर बहुतेकींची साखर उतरते आणि ‘शुगर गेली’ असे घरात धरून चालतात. धोका मात्र उरतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणानुसार अशा स्त्रियांना पुढे टाइप 2 मधुमेह होण्याची शक्यता इतर मातांच्या जवळपास 10 पट असते. मुलांमध्येही लठ्ठपणा व मधुमेहाचे प्रमाण वाढते. मुलगी असेल तर तिच्या गरोदरपणात हेच पुन्हा घडू शकते.

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नाव नोंदवताना आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात. उपाशीपोटी असण्याची अट नाही. 2 तासांनी रक्तातली साखर दर डेसिलिटरला 140 मिलिग्रॅम किंवा अधिक भरल्यास निदान होते. बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी फेरतपासणी सांगितली आहे, आणि साखळी तुटते ती इथेच. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात नाव घातलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला कोकणात, घाटावर माहेरी गेली, की तपासण्यांचा धागा सुटतो. वास्तविक बाळाची दीड महिन्याची लस नेमकी त्याच सुमारास असते. त्याच फेरीत आईचीही साखर तपासायला हवी.

खर्चाचा मोठा वाटा दिसत नाही. सिझर, नवजात कक्ष यांची बिले डोळ्यांसमोर असतात. पुढे वर्षानुवर्षे लागणाऱ्या गोळ्या, साखर मोजायच्या स्ट्रिप, डोळे व मूत्रपिंडांच्या तपासण्या यांची रक्कम थोडी थोडी जाते. आरोग्यविमा आणि शासकीय योजना प्रामुख्याने दाखल रुग्णांचा खर्च उचलतात, त्यामुळे हे पैसे बहुधा खिशातूनच जातात. तुर्भे किंवा दिघ्यातल्या घरकाम करणाऱ्या बाईला तर रांग आणि वर 2 तासांचे थांबणे म्हणजे दिवसाचा खाडा. तपासणी मोफत असली तरी ती टळते, याचे हे एक साधे कारण आहे आणि आरोग्यसेवेने ते मनावर घ्यायला हवे.

हा भार कमी करता येतो. स्तनपान, वजनावर ताबा व नियमित चालणे यांचा उपयोग होतो. अमेरिकेतील दीर्घ पाठपुराव्यात जीवनशैलीतील बदलाने किंवा मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने अशा स्त्रियांमधील मधुमेह 10 वर्षांत 35 ते 40 टक्क्यांनी कमी झाला. फेरतपासणी चांगली आली तरी साखर दरवर्षी, आणि पुढचे मूल होऊ देण्याआधी, पुन्हा पाहावी लागते.