‘कामिसा’चे कूळ

स्पॅनिशमध्ये सदऱ्याला ‘कामिसा’ म्हणतात आणि अरबीत ‘कमीस’. इ.स. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमी-अधिक भूभागावर अरबी भाषकांची सत्ता होती आणि त्या काळात स्पॅनिशने अरबीतून शेकडो शब्द उचलले; त्यामुळे हा शब्दही त्याच वाटेने आला असावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

इ.स. ४०० च्या सुमारास बेथलेहेममध्ये राहणारा ख्रिस्ती पंडित जेरोम याने फाबिओला या रोमन स्त्रीला ज्यू पुरोहितांच्या वस्त्रांविषयी एक पत्र लिहिले. वाचणाऱ्याला सोपे जावे म्हणून आपण बोलीतला शब्द वापरत आहोत, असे सांगून तो लिहितो की, सैनिक ‘कामिसिया’ नावाची लिननची वस्त्रे घालतात आणि ती अंगासरशी बसत असल्याने धावताना किंवा लढताना अडचण होत नाही. शब्दांच्या इतिहासात असा पुरावा क्वचितच हाती लागतो, कारण शब्दाचा काळ, तो वापरणारे लोक आणि तो शिष्ट लॅटिनमधला नसल्याची कबुली, हे सारे येथे एकत्र सापडते.

लॅटिनने हा शब्द गॉलमधील, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधील, केल्टिक लोकांकडून घेतला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. जर्मन ‘हेम्ड’ हा त्याचाच भाऊबंद समजला जातो, कारण मूळ ‘क’च्या जागी जर्मानिक भाषांत नियमाने ‘ह’ येतो; लॅटिन ‘कोर्नू’ म्हणजे शिंग, तेच इंग्रजीत ‘हॉर्न’. फ्रेंचमध्ये ‘का’चा ‘श’ होतो, म्हणून तेथे ‘शमीझ’ झाले आणि आपल्याकडे मुलींची शमीज आली. स्पॅनिशने मात्र ‘क’ जपला आणि फिलिपिन्समध्ये तागालोग भाषेला ‘कामिसा’ दिला.

अरबीतील ‘कमीस’ही याच लॅटिन शब्दातून, बहुधा ग्रीकमार्गे आलेला मानला जातो, कुराणातील युसुफच्या कथेत त्याचा सदरा याच नावाने येतो. पुढे फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे पोहोचला. खेड्यापाड्यांत आजही ऐकू येणारा ‘खमीस’ आणि शहरी ‘कमीज’ ही त्याचीच रूपे आहेत.

सलवारीचा प्रवास नेमका उलटा आहे. फारसी ‘शलवार’ अरबीत ‘सरावील’ झाली, अरबांबरोबर स्पेनमध्ये गेली आणि व्हॅलेन्सिया व मुर्सिया येथील शेतकऱ्यांच्या पारंपरिक ढगळ विजारीला तिच्यावरूनच ‘थाराग्वेयेस’ हे नाव पडले.