बंगाल (माइनस्वीपर)

रॉयल इंडियन नेव्हीची बाथर्स्ट वर्गातील छोटी युद्धनौका. सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधलेली ही नौका १९४२ च्या ऑगस्टमध्ये नौदलात दाखल झाली. लांबी ५७ मीटर, वेग जेमतेम १५ नॉट. ऑस्ट्रेलियात या वर्गाच्या ६० नौका बांधल्या गेल्या; त्यांपैकी बंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब या चार हिंदुस्थानच्या वाट्याला आल्या. कागदोपत्री त्या पाणसुरुंग काढणाऱ्या माइनस्वीपर असल्या, तरी पाणबुड्यांचा माग काढणे आणि ताफ्यांना सोबत करणे हेही त्यांचेच काम होते. बंगालचे नाव झाले ते मात्र एका तोफयुद्धामुळे.

नवी कोरी बंगाल ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरातून हिंदुस्थानकडे निघाली, तेव्हा हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटापर्यंत ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करण्याचे काम तिच्याकडे होते. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ ही जपानी छापामार जहाजे आडवी आली. दोन्ही दहा हजार टनांवरची, मोठ्या तोफा आणि टॉर्पेडो बाळगणारी. बंगालवर तीन इंची एकच तोफ, बाकी विमानवेधी. बंगालचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी ओंडिनाला निसटून जायचा इशारा दिला आणि आपली नौका सरळ होकोकू मारूच्या अंगावर घातली. ओंडिना मात्र पळाली नाही. चार इंची तोफ आणि ३२ गोळे एवढ्या भांडवलावर तीही लढत राहिली.

थोड्याच वेळात होकोकू मारूच्या मागच्या भागात स्फोट झाला आणि पुढे ती बुडाली. नेमका गोळा कोणाचा, यावर एकमत नाही. बंगालच्या तोफेचा आकार पाहता डचांचा दावा अधिक पटतो. दारूगोळा संपत आल्यावर बंगाल धुराचा पडदा सोडून बाजूला झाली. ओंडिना बुडाली असेच तिने कळवले. प्रत्यक्षात ओंडिनाचा कप्तान ठार झाला होता, खलाशी बोटींतून उतरले होते, त्या बोटींवर मशीनगनचा माराही झाला. पण शत्रू निघून गेल्यावर उरलेले परत जहाजावर चढले, आगी विझवल्या आणि १८ नोव्हेंबरला फ्रीमँटल गाठले. बंगालवर कोणीही दगावले नाही. विल्सन यांना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला.

या नौदलाची खलाशीभरती पूर्वापार रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून, विशेषतः कोकणी मुसलमानांतून होत असे. युद्धात ती देशभर पसरली. अधिकारी मात्र बहुतेक गोरेच होते, हे अशा शौर्यकथा वाचताना विसरू नये.

उरलेल्या युद्धात बंगालने हिंदी महासागरात ताफ्यांची राखण केली. स्वातंत्र्यानंतर ती भारताकडे राहिली. १९६० मध्ये ती मोडीत काढण्यात आली.