व्हर्जिनियातले तीन कडे आणि एक प्राचीन किनारा

अमेरिकेच्या पूर्व भागात, जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटरची एक पायवाट जाते. बेंटन मकाय या वनतज्ज्ञाने १९२१ साली या अपॅलाचियन ट्रेलची कल्पना मांडली आणि १९३७ साली वाट सलग पूर्ण झाली. चौदा राज्यांतून जाणाऱ्या या वाटेचा सर्वांत मोठा हिस्सा व्हर्जिनियाच्या वाट्याला आला आहे. तिथे रोनोक शहराजवळ तीन खडकाळ ठिकाणं पाठोपाठ येतात: ड्रॅगन्स टूथ, मॅकॅफी नॉब आणि टिंकर क्लिफ्स. डोंगरभटके तिघांना मिळून ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत वाटेने अंतर साधारण तीस किलोमीटर.

बहुतेक लोक एका दिवशी एक ठिकाण गाठतात, फोटो काढतात आणि उतरतात. जमेल त्याने मात्र हे तिन्ही सलग चालावेत असं मला मनापासून वाटतं. एक उभा सुळका, एक पुढे झेपावलेला सज्जा आणि एक लांबलचक कडा. दिसायला तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण तिन्ही ठिकाणी पायाखाली एकच थर असतो, टस्करोरा वालुकाश्माचा.

हा थर सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीचा, सिल्युरियन काळाच्या सुरुवातीचा. त्याआधी आजच्या आग्नेयेला एक पर्वतरांग उचलली गेली होती. ती झिजत होती आणि तिची वाळू नद्यांमधून वायव्येकडच्या उथळ समुद्राकडे वाहत होती. त्या काळी जमिनीवर झाडं नव्हती. शेवाळासारख्या इवल्याशा वनस्पती सोडल्या तर डोंगरउतार उघडे होते. माती धरून ठेवायला मुळं नसल्यामुळे नद्या पसरट पात्रांतून सैरावैरा वाहायच्या. नदीने आणि लाटांनी ही वाळू इतकी घोळवली की मऊ खनिजं कुटून, विरघळून गेली आणि उरली ती जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. पुढे कणांमधल्या फटींत सिलिका साचून सगळं घट्ट सांधलं गेलं. हा खडक फुटतो तेव्हा भेग बऱ्याचदा कणांच्या कडेने जात नाही, कण चिरत जाते, इतका तो सांधा पक्का असतो. या वालुकाश्मात अनेक ठिकाणी किड्यांसारख्या प्राण्यांनी वाळूत केलेल्या उभ्या बिळांच्या खुणा सापडतात.

मग सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेचा भूखंड उत्तर अमेरिकेवर येऊन धडकला. आडवे साचलेले थर वायव्येकडे रेटले गेले, त्यांना घड्या पडल्या, आणि काही ठिकाणी थरांचे प्रचंड तुकडे तुटून कौलांसारखे एकावर एक चढले. सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्या आडव्या पट्ट्यांना सरावलेल्या नजरेला इथे गोंधळायला होतं. कारण तोच थर एका डोंगरात जवळजवळ निजलेला दिसतो आणि शेजारच्या डोंगरात उभा.

ड्रॅगन्स टूथला तो उभा आहे. कोव्ह माउंटनच्या माथ्यावर थर इतके कलले आहेत की आजूबाजूचा कमकुवत भाग झिजून गेल्यावर कठीण पाती तेवढी वर उरली. सर्वांत उंच सुळका दहाएक मीटरचा. त्याच्या ज्या सपाट, उभ्या भिंतीला हात टेकवून माणूस वर पाहतो, ती भिंत कधीकाळी आडवी होती. तिच्यावर पाणी खेळत होतं, नवी वाळू पसरत होती. संपूर्ण वाटेवर मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, आणि पाठीवरचं ओझं उतरवून तिथे थोडं थांबावं.

तिथून उत्तरेकडची उतरण अवघड आहे. काही ठिकाणी खडकात लोखंडी पायऱ्या ठोकल्या आहेत. पण याच उतरणीमुळे सलग चालण्याला अर्थ येतो. वालुकाश्म सुटतो आणि वाट कटॉबा खोऱ्यातल्या कुरणांत उतरते. इथल्या दऱ्याखोऱ्या मुख्यतः चुनखडीत आणि शेलसारख्या मऊ खडकांत कोरल्या गेल्या आहेत. पावसाच्या पाण्यातलं सौम्य आम्ल चुनखडीला विरघळवतं, गारगोटीचं मात्र त्याच्यापुढे फारसं काही बिघडत नाही. म्हणून एक खडक दरी झाला आणि दुसरा डोंगरमाथा. माथ्यावरच्या आम्लधर्मी, रेताड मातीत चेस्टनट ओक, पाइन आणि माउंटन लॉरेलची झुडपं, तर खाली गवताळ शेतजमीन. पायाखालचा खडक बदलला हे झाडं बघूनही कळतं.

कटॉबा माउंटन चढून गेलं की मॅकॅफी नॉब, उंची ९७४ मीटर. इथे तोच थर आग्नेयेकडे हलकासा कललेला आहे. वायव्येकडची त्याची तुटकी कडा दरीवर उघडी पडली आहे. अपॅलाचियन ट्रेलवर सर्वांत जास्त फोटो जिथे निघतात अशा जागांपैकी ही एक, आणि फोटोत दिसतो तो पुढे आलेला सज्जा तयार होण्याची रीत सोपी आहे. खडकाला उभ्या भेगा आहेत. खालचा कमी टिकाऊ भाग आधी झिजतो, वरच्या शिळेचा आधार जातो आणि भेगेवर सुटून ती कोसळते. जिला मागून अजून पुरेसा आधार आहे ती शिळा तेवढी अधांतरी दिसत टिकते. माथ्याजवळच या भेगा रुंदावून गल्ल्या झाल्या आहेत आणि घराएवढ्या शिळा एकमेकींपासून सुटल्या आहेत. भेगांत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाचरीचं काम करतं. हिमयुगातली बर्फाची चादर इथपर्यंत पोहोचली नाही, ती उत्तरेला पेनसिल्व्हेनियात थांबली. पण त्या काळची थंडी गोठण्या-वितळण्याचं हे चक्र चालवायला पुरेशी होती.

पुढे टिंकर क्लिफ्स. इथेही थर फारसा कललेला नाही, पण तुटलेली कडा जवळपास आठशे मीटर सलग चालते आणि वाट तिच्या काठाकाठाने जाते. मागे वळून पाहिलं तर मॅकॅफी नॉबचा माथा दिसतो. तिन्ही ठिकाणं ९०० ते ९७५ मीटरच्या आसपास आहेत. हा थर जिथे माथ्याशी येतो तिथे तो डोंगराला उंची राखून देतो.

अपॅलाचियनमधले असे वालुकाश्माचे माथे किती हळू झिजतात हे मोजता येतं. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे पृष्ठभागाजवळच्या क्वार्ट्झमध्ये बेरिलियम-१० हा किरणोत्सारी अणू तयार होत राहतो. जितका तो साठलेला, तितका खडक पृष्ठभागाशी जास्त काळ राहिलेला. अशा मोजमापांतून दहा लाख वर्षांत काही मीटर ते वीसेक मीटर असा वेग मिळतो. ही सरासरी झाली. कड्याच्या काठावर मात्र खडक कणाकणाने कमी, शिळेशिळेने जास्त जातो. शतकानुशतकं काही हलत नाही आणि मग एका हिवाळ्यात अख्खा तुकडा खाली जातो. म्हणून काठापासून मागे, समांतर गेलेली भेग दिसली तर तिच्या अलीकडेच बसावं.