गल्लीचा रस्ता मंजूर करून घेताना: इंदूरच्या रहिवाशांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

इंदूरमध्ये गल्लीतला रस्ता उखडला की आपण आधी पार्षदांना (नगरसेवकांना) फोन लावतो, मग नगर निगमाच्या 311 ॲपवर खड्ड्याचा फोटो टाकतो आणि मग वाट बघत बसतो. पाऊस येतो, जातो, रस्ता तसाच राहतो. आमच्या रहवासी संघाचे कागद मी सांभाळते, त्यामुळे शेजारच्या कॉलन्यांतलेही लोक अर्ज दाखवायला आणतात. बहुतेक अर्ज दोनच ठिकाणी अडलेले दिसतात. एकतर रस्ता ज्या खात्याचा आहे त्या खात्याकडे अर्ज गेलेलाच नसतो, नाहीतर किती लांबीचं, कसलं काम हवंय हे अर्जात कुठेच नसतं. या दोन गोष्टी मोहल्ल्याच्या बैठकीत बसून ठरवल्या तर पुढचं सगळं सोपं जातं. म्हणून या लेखात बैठकीबद्दल जरा जास्त लिहिते आहे.

रस्ता कोणाच्या ताब्यात आहे?

शहरात निगमाचे 85 वॉर्ड आहेत. आपला वॉर्ड आणि झोन मालमत्ता कराच्या पावतीवर लिहिलेला असतो. पण वॉर्ड निगमाचा म्हणून त्यातला प्रत्येक रस्ता निगमाचा असेल असं धरून चालू नका. काही रस्ते इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांमधले आहेत, काही गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींमधले, मोठे काही लोकनिर्माण विभागाचे, आणि बायपास राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. योजना निगमाकडे हस्तांतरित झाली असेल तर काम निगमाचं. झाली नसेल तर अर्ज प्राधिकरणाकडे किंवा मंडळाकडे द्यायचा. झोन कार्यालयातल्या उपयंत्र्यांना (कनिष्ठ अभियंत्यांना) विचारलं की दहा मिनिटांत उत्तर मिळतं. तोंडी उत्तरावर थांबू नका, त्यांना आपल्या अर्जावर तसा शेरा मारायला सांगा.

बिल्डरने पाडलेल्या कॉलनीचा प्रश्न वेगळा. कॉलनी हस्तांतरित नसेल तर रस्ते, ड्रेनेज, दिवे ही जबाबदारी कॉलनायझरचीच राहते, आणि निगम तिथे स्वतःचा पैसा घालायला तयार होत नाही. विकासकामं पूर्ण होईपर्यंत त्याचे काही भूखंड निगमाकडे गहाण असतात. तुमच्या कॉलनीतले भूखंड अजून गहाण आहेत की सोडवून दिले, हे निगमाच्या कॉलनी सेलमध्ये (कॉलन्यांचं काम बघणाऱ्या शाखेत) लेखी विचारा. ते सोडवले गेले असतील आणि काम अर्धवटच असेल, तर तुमची तक्रार फार वजनदार आहे.

तक्रार वेगळी, मागणी वेगळी

खड्डा, फुटलेलं चेंबरचं झाकण, खोदून तसाच टाकलेला रस्ता या तक्रारी आहेत. त्या 311 ॲपवर किंवा मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या 181 क्रमांकावर नोंदवायच्या. 181 वर तक्रार पहिल्या पातळीच्या अधिकाऱ्याकडून चौथ्या पातळीपर्यंत चढत जाते. खात्याचा माणूस फोन करून "काम झालं ना, बंद करू का?" असं विचारतो, तेव्हा काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणू नका. हो म्हटलं की तक्रार बंद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नवा सिमेंट रस्ता, नवी ड्रेनेज लाइन, पेव्हर ब्लॉक ही मागणी झाली. ती 181 वर टाकली तर "मागणी" या शेऱ्यासह बाजूला पडते आणि आपण महिनाभर उगाच आशेवर राहतो. मागणीला अर्ज लागतो, ठराव लागतो, आणि पैसा कुठून येणार याचा रस्ता लागतो.

मोहल्ल्याची बैठक

बैठकीची उत्तम वेळ म्हणजे गणपती उठल्यानंतर, दिवाळीच्या आधी. निगमाचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होतं आणि अंदाजपत्रकाची तयारी हिवाळ्यात होते, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत आपली मागणी झोनमध्ये पोचलेली हवी. उन्हाळ्यात दिलेल्या अर्जाचं काम जूनपर्यंत सुरू होणं अवघड, आणि पाऊस लागला की डांबराचं काम तर होतच नाही.

बैठकीची सूचना आठवडाभर आधी लावा. व्हॉट्सॲपवर टाकलीत तरी कागदावरची एक प्रत कॉलनीच्या फाटकावर किंवा देवळाच्या फलकावर असू द्या. आजी-आजोबा आणि भाडेकरू तिथूनच वाचतात. भाडेकरूंना बोलवाच. गल्लीत राहणारा कोणीही अर्ज देऊ शकतो, घर स्वतःचं असलं पाहिजे अशी काही अट नाही.

बैठकीत सर्वांत आधी जमिनीखालचं ठरवा. नर्मदेच्या पाण्याची लाइन कुठून जाते, ड्रेनेज किती जुनं आहे, कोणाच्या घरी नळाचं कनेक्शन अजून घ्यायचंय, कोणाचं चेंबर तुंबतं, याची घरोघरची यादी करा. सिमेंटचा रस्ता झाला आणि दोन महिन्यांनी एकाने नळासाठी तो कापला, की त्या चरीतून पाणी मुरतं आणि काठ खचायला लागतात. ज्यांना कनेक्शन घ्यायचंय त्यांनी रस्त्याआधीच घ्यावं, आणि जुनी ड्रेनेज लाइन बदलायची असेल तर ती मागणी त्याच अर्जात रस्त्याच्या वर लिहावी. पाण्याची आणि मैल्याची लाइन एकमेकींना चिकटून जात असतील तर तेही लिहा. हा घरातल्या लहान मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या उंचीची. जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा थर टाकला की रस्ता वीतभर चढतो आणि पावसाचं पाणी थेट ओसरीत येतं. जुन्या घरांची जोती आधीच खाली असतात. गल्लीतल्या सर्वांत खालच्या घराच्या उंबऱ्यापासून रस्ता किती खाली आहे ते टेपने मोजा आणि आकडा ठरावात घाला. "जुना रस्ता उकरूनच नवा करावा" हे एक वाक्य ठरावात असलं, तर पुढे ठेकेदाराशी भांडायची वेळ सहसा येत नाही.

मग लांबी-रुंदी. गल्ली 120 मीटर लांब, 6 मीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ 720 चौरस मीटर. 20 सेंटीमीटर जाडीचा थर म्हटला तर 144 घनमीटर काँक्रीट. हा हिशेब आत्ताच करून ठेवा, बिल निघायच्या वेळी त्याचा उपयोग होतो.

कार्यालयाचं कामकाज हिंदीत चालतं, म्हणून ठरावही हिंदीतच लिहावा. मजकूर साधा ठेवा: "गली क्रमांक 3, मकान क्रमांक 21 से 46 तक, लंबाई 120 मीटर, चौड़ाई 6 मीटर। पहले ड्रेनेज लाइन बदली जाए, तत्पश्चात पुरानी सड़क खोदकर सीमेंट कांक्रीट सड़क बनाई जाए। सर्वसम्मति से पारित।" खाली तारीख, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, आणि हजर असलेल्यांची नावं, घर क्रमांक, सह्या. विरोध कोणी केला असेल तर तोही नोंदवा. त्याने ठराव कमजोर होत नाही, खरा वाटतो.

पैसा कुठून?

सरळ मार्ग निगमाच्या अंदाजपत्रकाचा. अर्ज झोनमार्फत जनकार्य विभागाकडे जातो, उपयंत्री जागा पाहून एस्टिमेट बनवतात, सहायक यंत्री आणि कार्यपालन यंत्र्यांकडून तांत्रिक मंजुरी होते आणि रकमेप्रमाणे प्रस्ताव वर सरकतो, मोठा असेल तर महापौर परिषदेपर्यंत. लहान कामं पार्षदांच्या निधीतून होऊ शकतात. पार्षद कोणत्या पक्षाचे आहेत याचा विचार करत बसू नका, ठरावाची प्रत त्यांना पहिल्या दिवशीच द्या. त्यांच्या शिफारसपत्राने फाइल हलते.

आमदार निधीतही तसंच, आमदारांचं लेखी शिफारसपत्र आणि पुढची मंजुरी जिल्ह्याकडून. खासदार निधी 1993 साली सुरू झाला आणि 2011-12 पासून तो खासदारामागे वर्षाला 5 कोटींचा आहे. खासदार फक्त शिफारस करतात. तपासणी, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. हे पैसे कायमस्वरूपी सार्वजनिक मालमत्तेसाठीच असतात, खाजगी जागेत किंवा देवळा-मशिदीच्या आवारात ते लागत नाहीत. मध्य प्रदेशातून निवडून गेलेले राज्यसभेचे खासदारही राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यासाठी शिफारस करू शकतात, आणि ही वाट फार कमी मोहल्ले धरतात.

जनभागीदारी योजनेत रहिवाशांनी स्वतःचा वाटा उचलायचा असतो, सामान्य वस्तीत निम्मा आणि अनुसूचित जाती-जमातीबहुल वस्तीत चौथाई. अर्ज जिल्ह्याच्या योजना कार्यालयात जातो. वर्गणी जमा करण्याची ताकद असलेल्या कॉलन्यांना हा मार्ग बरा. पण माझं स्पष्ट मत आहे की गल्लीतल्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला वर्गणीसाठी सगळ्यांसमोर उभं करू नये. ज्याला जमेल त्याने जास्त द्यावं, आणि कोणी किती दिले याची यादी फलकावर लावू नये.

संस्था नोंदलेली असावी का?

निगमाकडे अर्ज द्यायला नोंदणी लागत नाही, सह्यांचा अर्ज चालतो. पण वर्गणी गोळा करायची असेल, जनभागीदारीत जायचं असेल, तर रहवासी संघ नोंदवलेला असावा. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली किमान 7 सदस्य लागतात आणि अर्ज फर्म्स व संस्था सहायक पंजीयकांकडे होतो. सोबत नियमावली, कार्यकारिणीची यादी, ओळखपत्रं, संस्थेच्या पत्त्याचा पुरावा. नंतर संस्थेच्या नावाचं पॅन आणि बँक खातं. एखाद्याच्या घरच्या खात्यात वर्गणी ठेवू नका, माणूस कितीही भला असला तरी.

नोंदणी झाली की काम संपत नाही. दरवर्षी कलम 27 प्रमाणे कार्यकारिणीची यादी आणि कलम 28 प्रमाणे तपासलेला हिशेब पाठवायचा असतो. बरेच जुने संघ इथेच मागे पडतात आणि ऐन वेळी कागद जुळवत बसतात.

अर्जासोबत काय लावायचं

बैठकीच्या ठरावाची प्रत आणि सह्यांचं पान सर्वांत वर. त्यामागे गल्लीचा हाताने काढलेला नकाशा, ज्यात सुरुवात, शेवट, चेंबर, वाल्व्ह आणि दिव्याचे खांब दाखवलेले असावेत. तारीख असलेले फोटो, शक्यतो एक पावसातला. दोन-चार घरांच्या मालमत्ता कराच्या पावत्या, म्हणजे वस्ती निगमाच्या हद्दीत आणि कर भरणारी आहे हे दिसतं. अर्जदाराचं आधार किंवा मतदार ओळखपत्र. संघ नोंदणीकृत असेल तर प्रमाणपत्र, कॉलनी हस्तांतरित असेल तर त्या आदेशाची प्रत. आधी 311 किंवा 181 वर केलेल्या तक्रारींचे क्रमांकही लिहा.

सगळ्याचे दोन संच करा. आवक शाखेत एक द्यायचा आणि दुसऱ्यावर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊनच खिडकी सोडायची. साहेबांच्या हातात दिलेला आणि शिक्का नसलेला कागद पुढे सापडत नाही. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर मंगळवारच्या जनसुनवाईत, मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयात, तीच शिक्क्याची प्रत जोडून अर्ज द्या. तिथे गल्लीतले तिघं-चौघं एकत्र गेले तर बरं, आणि त्यात एखादी काकू असू द्या, ज्यांच्या ओसरीत पाणी शिरतं. बोलणं मुद्द्यावर राहतं.

मंजुरीनंतर

टेंडर झालं की ठेकेदाराला कार्यादेश मिळतो. त्याची आणि एस्टिमेटची प्रत झोनमधून मागा. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांत अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्क आहे. रस्त्याच्या बाबतीत तो फार कामाचा आहे आणि तरी कोणी वापरत नाही.

काम सुरू असताना गल्लीतल्या एखाद्या निवृत्त माणसाने रोज एक फेरी मारावी. उकरलं किती, थर किती जाड, चेंबरची झाकणं नव्या पातळीला आणली की सिमेंटखाली गाडली, एवढं वहीत लिहावं. काँक्रीट ओतल्यावर किमान 14 दिवस ते ओलं राहिलं पाहिजे. लोक या तराईला (पाणी मारत राहण्याला) कंटाळतात, बोअरचं पाणी वाया जातं म्हणून कुरकुरतात आणि मग वर्षात रस्त्याचा भुगा निघतो. पाणी घालणं ठेकेदाराचं काम आहे, पण त्याच्या टँकरला उशीर झाला तर दोन दिवस आपण पाइप धरावा. काँक्रीटच्या नमुन्याच्या ठोकळ्यांची मजबुतीची तपासणी 7 आणि 28 दिवसांनी होते, तिचा अहवाल मागून घ्या.

शेवटी मापपुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची खात्याची वही. बिल तिच्यावरून निघतं. तुमच्या ठरावातले 120 मीटर आणि 6 मीटर त्यात तसेच आहेत का ते पाहा. जास्त लिहिले असतील तर झोन अधिकाऱ्यांना आणि आयुक्तांना लेखी कळवा, बिल निघण्याआधी. माहिती अधिकारात उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे करता येतं. दुरुस्तीची हमी किती वर्षांची आहे ते कार्यादेशात असतं. ती तारीख संघाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मुदत संपायच्या आधीच्या हिवाळ्यात गल्लीतून एक चक्कर मारून तडे, खचलेली जागा, निखळलेले काठ यांची यादी झोनमध्ये द्या. त्या मुदतीतली दुरुस्ती ठेकेदाराला स्वतःच्या खर्चाने करावी लागते.