काकांची तंबाखू आणि टोमॅटोची पानं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर दिवाळीनंतर टोमॅटोची रोपं लागतात. गेल्या वर्षी ती वीतभर झाली आणि पानांचा रंग बिघडला. नुसती पिवळी पडली असती तर कळलं असतं. इथे एकाच पानावर फिकट आणि गर्द हिरवे तुकडे, गोधडीला ठिगळं लावावीत तसे. शेंड्याची पानं तर अरुंद होऊन दोऱ्यासारखी लांबली. खत घालून झालं, पाणी कमी-जास्त करून झालं. शेवटी आणंदला शेतीशास्त्र शिकलेला भाचा आला. त्याने पानं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "रोज रोपांना हात कोण लावतं?"

काका लावतात. त्यांच्या तळहातावर सकाळ-संध्याकाळ तंबाखू मळली जाते आणि मग त्याच अंगठ्याने टोमॅटोची बगलफूट खुडली जाते.

"मग हा तंबाखूचा मोझॅक विषाणू," भाचा म्हणाला.

बडोद्याला तंबाखू परकी नाही. पेटलाद एके काळी बडोदा संस्थानातच होतं आणि आणंद-पेटलादकडच्या चरोतर पट्ट्यातली तंबाखूची शेती सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाळलेल्या, कुटलेल्या पानातही हा विषाणू वर्षानुवर्षं टिकतो, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. टोमॅटो आणि मिरची ही तंबाखूच्याच कुळातली झाडं, म्हणून त्याला इथेही घर सापडतं.

माणसाने ओळखलेला पहिला विषाणू हाच. 1892 मध्ये रशियात इव्हानोव्स्की यांनी रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. त्या गाळणीत जिवाणू अडकतात. तरीही गाळलेल्या रसाने निरोगी झाडं आजारी पडली. 1898 मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी सांगितलं की, हा जिवाणू नव्हे. हे वेगळंच काही आहे आणि ते फक्त जिवंत पेशीतच वाढतं.

ते दिसतं कसं? आमच्या घराला मागून गच्चीवर जायला लोखंडी गोल जिना आहे. विषाणूची रचना समजून घेताना मला तोच आठवतो. एकसारख्या पायऱ्या गोल गोल रचत गेलेल्या. प्रत्येक पायरी म्हणजे प्रथिनाचा एक रेणू. अशा सुमारे 2130 पायऱ्या, एका फेऱ्यात सोळाहून किंचित जास्त. आणि जिन्याच्या कठड्यासारखा आतून वळत गेलेला आरएनएचा, म्हणजे विषाणूच्या बांधणीचा मजकूर वाहणाऱ्या रेणूचा, एकच धागा, सुमारे 6400 अक्षरांचा. संपूर्ण काडीची लांबी 300 नॅनोमीटर. एक मिलिमीटर भरायला अशा तीन हजारांहून जास्त काड्या लागतील. बस्स, एवढाच तो. पोट नाही, श्वास नाही, स्वतःची वाढ नाही. 1935 मध्ये स्टॅन्ली यांनी तर त्याचे मिठासारखे स्फटिक काढले. 1955 मध्ये फ्रँकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी आरएनए आणि प्रथिनं वेगळी केली आणि पुन्हा एकत्र मिसळली. जिने आपोआप उभे राहिले आणि झाडांना लागणही झाली! हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नव्हती.

मग एवढी निर्जीव वस्तू बाग कशी नासवते? बगलफूट खुडताना पानाला बारीक जखम होते, त्यातून काडी पेशीत शिरते. एका टोकाच्या पायऱ्या सुटतात आणि आरएनएचं टोक उघडं पडतं. पेशीतले रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कारागीर, त्यांच्यापुढे येईल तो मजकूर वाचतात. झाडाचा कोणता आणि पाहुण्याचा कोणता, हे त्यांना कळत नाही. त्या मजकुरातून आधी नकला काढणारं प्रथिन तयार होतं. ते मूळ धाग्याची उलटी प्रत काढतं आणि उलट्या प्रतीवरून सुलट्या धाग्यांची रास. दुसरं प्रथिन शेजारच्या पेशीकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतं. तिसऱ्या प्रथिनाच्या नव्या पायऱ्या होतात. हे सगळं घडतं झाडाच्याच मालमसाल्यावर आणि झाडाच्याच ऊर्जेवर. हरितद्रव्य घटतं, पानं चितकबरी होतात, फळं कमी लागतात.

माणसाला हा विषाणू लागत नाही, पण आपल्याला लागणाऱ्या विषाणूंची रीतही मुळात हीच: आत शिरा, पेशीकडून नकला करून घ्या, बाहेर पडा. म्हणूनच सर्दी किंवा फ्लूला अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. ती औषधं जिवाणूची भिंत किंवा त्याचे कारागीर मारतात. विषाणूकडे दोन्ही नसतात. मेडिकलवाल्याकडे अजूनही लोक सर्दीसाठी ती मागतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोरोनाच्या विषाणूला बाहेरून स्निग्ध पापुद्रा असतो, साबणाने तो विरघळतो. तंबाखूच्या विषाणूला तो पापुद्राच नाही, म्हणून सॅनिटायझरला तो सहसा दाद देत नाही. हात साबणाने चोळून, भरपूर पाण्याने धुवायचे म्हणजे तो वाहून जातो. आणि रोपं हाताळताना बोटं साय काढलेल्या दुधात बुडवायची. दुधातली प्रथिनं लागण रोखतात. रोपवाटिकांत हा उपाय जुना आहे.

रोगट रोपं उपटून आम्ही पिशवीत बांधून टाकली, कुंड्यांची मातीही बदलली. यंदा पहिली बगलफूट खुडायला काका जिना चढून आले, तेव्हा तंबाखूची डबी खाली ठेवून आले होते आणि हातात दुधाची वाटी होती. एकेक फूट खुडायची, बोटं बुडवायची, पुढच्या कुंडीकडे जायचं. पानं अजून एकाच रंगाची आहेत.