कांगा लीगला निघालेल्या बॅटसाठी

मुलाला नुकतंच क्लबात घातलेले पालक जून उजाडला की दुकानात येऊन हमखास विचारतात: भर पावसात कसलं क्रिकेट? मुंबईत असतं. १९४८ पासून कांगा लीग ही क्लबांची स्पर्धा पावसाळ्यातच खेळली जाते. नाव डॉ. होरमसजी कांगा यांचं. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात ते होते. खेळपट्टी न झाकता खेळायचं, ही या लीगची जुनी रीत. त्यामुळे एक चेंडू छातीवर येतो, पुढचा घोट्याशी राहतो. मैदानात गवत माजलेलं असतं, जमिनीलगत मारलेला सुरेख ड्राइव्हही मध्येच अडकतो. मग उचलून मारायला शिकावंच लागतं.

या लीगचा विषय निघाला की आमच्या काउंटरवर दादर युनियनचं नाव येतंच. माटुंग्याचा हा क्लब आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातली चुरस जुन्या मंडळींना अजून तोंडपाठ आहे. चार कसोटी खेळलेले यष्टिरक्षक माधव मंत्री दादर युनियनचे. वेळ आणि पांढरे कपडे यांबाबत भलतेच कडक. त्यांचे भाचे सुनील गावसकर याच क्लबातून खेळले, पुढे दिलीप वेंगसरकरही. वासू परांजपे यांच्या नशिबी कसोटी आली नाही, पण कर्णधार म्हणून त्यांनी घडवलेली पोरं पाहिली की तो हिशेब गौण वाटतो. गावसकरांना ‘सनी’ म्हणायला सुरुवात केली तीही त्यांनीच.

आता बॅटकडे वळू. ओल्या मैदानावर सगळ्यात आधी बिघडतो तो टो, म्हणजे बॅटचं खालचं टोक. खालून पाणी शोषून विलो, म्हणजे बॅटचं लाकूड, फुगतं आणि पुढच्याच यॉर्करला चीर जाते. म्हणून पावसाळी बॅटला टो-गार्ड लावून घ्याच. नवी बॅट असेल तर पुढची बाजू आणि कडांना जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. हँडल जिथे पात्यात बसतं त्या जोडावर तेल नको, सरस सुटतो. मग जुना चेंडू किंवा लाकडी हातोडी घेऊन पाच-सहा तास नॉकिंग, म्हणजे हलक्या हातानं ठोकून पातं टणक करणं. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण ते टाळलेली बॅट आम्ही पाहताक्षणी ओळखतो.

सामना संपला की बॅट कोरड्या फडक्यानं पुसा आणि पंख्याखाली आडवी ठेवा. उन्हात नको, आणि ओल्या किटबॅगेत तर मुळीच नको. शक्य असेल तर लीगसाठी जुनी, टणक बॅट ठेवा. महागडं इंग्लिश विलो हिवाळ्यासाठी राहू द्या. विक्रेत्यानं असं सांगू नये म्हणतात, आम्ही सांगतो.

रविवारच्या सामन्यानंतर सोमवारी दुरुस्तीला रांग लागते. घाई नसेल तर बॅट मंगळवारी आणा.