वेबफीड

संकेतस्थळावर वेळोवेळी पडणाऱ्या मजकुराच्या भरीची अद्ययावत यादी यंत्राला वाचता येईल अशा ठरीव रचनेत देणारी फाइल. यादीतील प्रत्येक नोंदीत सामान्यतः मथळा, मूळ पानाचा दुवा, प्रसिद्धीची वेळ आणि सारांश किंवा पूर्ण मजकूर असतो. वाचक या फाइलीचा पत्ता ‘फीड रीडर’ या प्रणालीत एकदा नोंदवतो. प्रणाली ठरावीक अंतराने फाइल आणून आधीच्या प्रतीशी ताडून पाहते आणि नव्या नोंदी तेवढ्या पुढे ठेवते. मराठीत यासाठी ‘फीड’ हाच शब्द चालतो. समाजमाध्यमांच्या संदर्भात हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. तिथे काय दिसावे व कोणत्या क्रमाने दिसावे हे माध्यम चालवणारी कंपनी ठरवते. वेबफीडमध्ये स्रोतांची निवड वाचकाची असते. प्रस्तुत नोंद वेबफीड या अर्थापुरतीच आहे.

उगम : वेबफीडचा आरंभ नेमका कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो रामनाथन व्ही. गुहा यांनी ॲपल कंपनीच्या संशोधन विभागात १९९५ नंतर विकसित केलेल्या ‘मेटा कंटेंट फ्रेमवर्क’ या रचनेपर्यंत मागे नेतात. तिचा हेतू संकेतस्थळावरील साहित्याचे वर्णन करणे हा होता, त्यात पडणारी भर वाचकाला आपोआप मिळण्याची सोय करणे हा नव्हता. त्यामुळे तिला पूर्वसूरी म्हणणे अधिक योग्य ठरेल. मायक्रोसॉफ्टने मार्च १९९७ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमकडे सादर केलेली ‘चॅनल डेफिनिशन फॉरमॅट’ ही रचना कल्पनेने आजच्या फीडच्या बरीच जवळ होती आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत तिचा वापरही झाला, परंतु ती फार काळ टिकली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस डेव्ह वाइनर यांनी आपल्या ‘स्क्रिप्टिंग न्यूज’ या अनुदिनीसाठी एक्सएमएल या यंत्राला वाचता येणाऱ्या खुणांच्या लिखाणपद्धतीवर आधारलेली स्वतंत्र रचना तयार केली. आरएसएस या नावाची पहिली रचना मात्र नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये ‘माय नेटस्केप’ या आपल्या प्रवेशद्वारासाठी प्रसिद्ध केली. तिचा क्रमांक ०.९० होता व ती डॅन लिबी आणि तोपर्यंत नेटस्केपमध्ये आलेले गुहा यांच्या कामातून उभी राहिली. कोणत्याही प्रकाशकाने आपली फाइल तयार ठेवावी आणि त्रयस्थ सेवेने ती उचलून वाचकाच्या पानावर मांडावी, ही आज ओळखीची झालेली व्यवस्था याच टप्प्यापासून सलग दाखवता येत असल्याने आरंभ येथे मानणे सोयीचे दिसते.

आरएसएस या आद्याक्षरांचा विस्तारही बदलत गेला, आणि फीडचे काम साहित्याचे वर्णन करणे की मजकुराचे वितरण करणे, हा मूळ मतभेद त्यातच उघड होतो. ०.९० मध्ये तो ‘आरडीएफ साइट समरी’ असा होता. आरडीएफ ही साहित्याविषयीची माहिती नोंदवण्याची औपचारिक चौकट. म्हणजे येथे भर वर्णनावर होता. जुलै १९९९ मधील ०.९१ या आवृत्तीत लिबी यांनी आरडीएफ वगळले, वाइनर यांच्या रचनेतील काही घटक घेतले आणि विस्तार ‘रिच साइट समरी’ असा झाला. तरीही फीड हे सारच होते : एका फाइलीत जास्तीत जास्त १५ नोंदी आणि वर्णनाला ५०० अक्षरांची मर्यादा. पुढे नेटस्केपचे या कामावरील लक्ष उडाले व २००१ मध्ये माय नेटस्केपमधून आरएसएसचा आधार काढून घेण्यात आला. दरम्यान दोन गट पडले होते. रेल डॉर्नफेस्ट यांच्या पुढाकाराने जमलेल्या गटाने आरडीएफ परत आणून डिसेंबर २००० मध्ये १.० ही आवृत्ती काढली. तिच्या कर्त्यांत त्या वेळी १४ वर्षांचा असलेला ॲरन स्वार्ट्‌झ हाही होता. त्याच महिन्यात वाइनर यांनी ०.९२ प्रसिद्ध करून नोंदींच्या संख्येची व लांबीची बंधने काढून टाकली आणि ध्वनिफितीसारखी फाइल नोंदीला जोडण्यासाठी ‘एन्क्लोजर’ हा घटक घातला. सप्टेंबर २००२ मध्ये त्यांनीच २.० ही आवृत्ती ‘रियली सिंपल सिंडिकेशन’ या विस्तारासह मांडली. समरी हा शब्द गेला आणि सिंडिकेशन, म्हणजे मजकुराचे वितरण, हा आला. अशा रीतीने २.० ही १.० ची पुढची पायरी नसून ०.९१ व ०.९२ यांची वारस आहे; केवळ क्रमांकावरून अनुमान काढणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. जुलै २००३ मध्ये २.० चे विनिर्देश हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राकडे सोपवण्यात आले आणि त्यातील मुख्य घटक गोठवण्यात आले.

या वादाला कंटाळलेल्यांनी सॅम रूबी यांच्या पुढाकाराने जून २००३ पासून नव्या रचनेची आखणी सुरू केली. काही नावे बदलून ती ‘ॲटम’ या नावाने स्थिर झाली आणि डिसेंबर २००५ मध्ये इंटरनेट इंजिनियरिंग टास्क फोर्सने ती आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांची दस्तऐवजमाला) ४२८७ या क्रमांकाने प्रमाणित केली. तांत्रिक नेमकेपणात ॲटम सरस आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. तिने आरएसएसला हटवले मात्र नाही. मे २०१७ मध्ये एक्सएमएलऐवजी जेसन या लिखाणपद्धतीवर बेतलेली ‘जेसन फीड’ ही रचनाही पुढे आली.

रचना : आरएसएस २.० मध्ये एका ‘चॅनल’मध्ये अनेक ‘आयटम’ असतात. चॅनलला मथळा, दुवा व वर्णन अनिवार्य आहे; आयटमला मथळा किंवा वर्णन यांपैकी एक असले तरी पुरते. नोंदीची ओळख पटवणारा ‘जीयूआयडी’ हा घटक ऐच्छिक आहे, आणि बहुतेक अडचणी येथेच उद्भवतात. तो नसेल किंवा संकेतस्थळाचा पत्ता बदलताना त्याच्याबरोबर बदलला गेला, तर वाचलेल्या जुन्या नोंदी पुन्हा नव्या म्हणून दिसू लागतात. ॲटममध्ये ओळखचिन्ह, मथळा व अद्ययावत केल्याची वेळ ही तिन्ही अनिवार्य आहेत. मथळ्यात मजकुराची मांडणी सांगणाऱ्या एचटीएमएल खुणा चालतात की नाही याबाबत आरएसएस मोघम राहते. ॲटममध्ये मजकूर साधा आहे की खुणांसहित आहे हे स्पष्ट सांगण्याची सोय आहे. आरएसएसमधील तारखेत वार व महिना यांचे इंग्रजी संक्षेपच असावे लागतात, त्यामुळे एखाद्या प्रकाशन प्रणालीने ते मराठीत छापले तर फीड रीडरला तारीख कळत नाही. ॲटममधील तारीख मुख्यतः अंकांत असते खरी, पण ते अंकही रोमी वळणाचेच लागतात.

देवनागरी मजकूर : फीड मजकूर वाहून नेते, टंक नेत नाही. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात अनेक मराठी संकेतस्थळे युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतपद्धतीऐवजी स्वतःच्या टंकांच्या आधारे देवनागरी दाखवत असत. तिथे अक्षरांची ओळख टंकाशी बांधलेली असल्याने तोच मजकूर फीड रीडरमध्ये रोमी अक्षरांची निरर्थक रांग होऊन उतरे. युनिकोडचा स्वीकार ही म्हणून मराठी फीडची पूर्वअटच होती. पण युनिकोड आल्यानेही सारे सुटले नाही. फाइल ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ या प्रकारात पाठवली आणि सर्व्हरने वर्णसंच सांगितला नाही, तर फाइलीच्या आत काहीही घोषित केलेले असले तरी वर्णसंच अमेरिकी आस्की (केवळ इंग्रजी अक्षरे व चिन्हे असलेला) मानावा, असा आरएफसी ३०२३ चा दंडक होता. तो काटेकोर पाळला असता अशा प्रत्येक फाइलीतील देवनागरी मजकूर अवैध ठरला असता. व्यवहारात बहुतेक फीड रीडरनी त्याकडे काणाडोळा केला आणि २०१४ मधील आरएफसी ७३०३ ने तो बदलला. दुसरी अडचण सारांशाची आहे. युनिकोड मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे सारांश बाइट मोजून तोडल्यास शेवटचे चिन्ह अर्धवट राहू शकते, आणि एक अवैध चिन्ह सापडले की नियमानुसार एक्सएमएलची उरलेली फाइल वाचण्याचे थांबवावे लागते.

उपयोग : पानाच्या शीर्षभागात फीडचा पत्ता सांगणारी ओळ असल्यास फीड रीडरला मुखपृष्ठाचा पत्ता दिला तरी पुरते. ती नसल्यास वर्डप्रेसवरील संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोमी लिपीत ‘फीड’ लिहिले की बहुधा काम होते. मराठी विकिपीडियावरील ‘अलीकडील बदल’ या पानाचेही ॲटम फीड मिळते. प्रकाशकाला वाचकाचा ईमेल पत्ता कळत नाही, हा फीडचा वार्तापत्राहून ठळक वेगळेपणा. फाइलीत बदल झाला नसेल तर सर्व्हर ‘३०४’ एवढेच उत्तर देतो, म्हणून वारंवार केलेली विचारणाही फारशी महाग पडत नाही. बदल होताच कळवणाऱ्या ‘वेबसब’ या पद्धतीला २०१८ मध्ये मानक म्हणून मान्यता मिळाली. नोंदवलेल्या फीडची यादी एका फीड रीडरमधून दुसऱ्यात ओपीएमएल फाइलीने नेता येते. काही प्रकाशक फीडमध्ये मुद्दाम पहिला परिच्छेदच देतात. वाचक जाहिरातींसह मूळ पानावर यावा, हा त्यामागचा हिशेब असतो.

प्रसार : फायरफॉक्ससाठी तयार झालेले नारिंगी चौकोनातील लहरींचे चिन्ह मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००५ मध्ये स्वीकारले व ते सर्वमान्य झाले. ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झालेली गूगल रीडर ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद करण्यात आली. फीडच्या ऱ्हासाचा आरंभ अनेकदा या तारखेपासून सांगितला जातो, परंतु वाचक समाजमाध्यमांकडे त्याआधीच वळू लागले होते. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मधील ६४ व्या आवृत्तीत फीड दाखवण्याची अंगभूत सोय काढून टाकली. पॉडकास्टचे वितरण मात्र आजही मुख्यतः आरएसएस २.० आणि त्यातील ‘एन्क्लोजर’ या घटकावरच चालते, जरी ऐकणाऱ्याला फीडचा पत्ता सहसा दिसतही नाही.